ऐकू येतं, पण कळत नाही: कान दगा द्यायला लागल्यावर काय करायचं

"काका, भिंत फोडू का?" असं प्लंबरनं विचारलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी माझ्या कानावर पडलं ते एवढंच: "काका, काहीतरी काहीतरी का?" मी सवयीनं "हो हो" म्हटलं आणि गॅलरीत पेपर घेऊन बसलो. थोड्या वेळानं हातोड्याचे घाव ऐकू यायला लागले. ते मात्र अगदी स्पष्ट. वाटलं, वरच्या मजल्यावर काम निघालंय. बायको बाजारातून परतली तेव्हा आमच्या बाथरूमच्या चार टाइल्स आणि हातभर भिंत खाली पडली होती, आणि गळती निघाली ती दुसऱ्याच पाइपातून. "अहो, तुम्हीच हो म्हणालात म्हणे!" म्हणालो होतो खरा.

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत ही गोष्ट अजून चवीनं सांगतात. सांगू देत. पण त्या दिवशी दोन गोष्टी माझ्या डोक्यात शिरल्या. एक, मला हातोडा ऐकू येतो पण प्रश्न ऐकू येत नाही. दोन, न कळता "हो" म्हणायची मला सवय लागली आहे आणि ती कानापेक्षा जास्त महाग पडते आहे.

रबाळ्याच्या एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटात, मी २२ वर्षं काढली. आता गेली तीन वर्षं दोन्ही कानांना मशीन आहे. ज्यांना, किंवा ज्यांच्या घरातल्या कुणाला, नुकतंच कमी ऐकू यायला लागलंय, त्यांनी कुठून सुरुवात करायची ते खाली लिहितो. मी डॉक्टर नाही. पण या वाटेवर जेवढे खड्डे आहेत तेवढ्यांत पाय घालून झालाय.

आधी बिघाड समजून घ्या

बोलण्याचा जोर स्वरांत असतो आणि अर्थ व्यंजनांत. आ, ओ, ऊ हे खालच्या पट्टीतले, दमदार आवाज. स, श, त, ठ, क, ख, फ हे वरच्या पट्टीतले आणि नाजूक. वयामुळे किंवा गोंगाटामुळे कान जायला लागतो तो बहुतेक वेळा वरच्या पट्टीतून. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो, त्यात केसासारखी टोकं असलेल्या पेशी असतात. शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी उंच आवाज टिपतात आणि त्याच आधी झिजतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून समोरचा बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते कळत नाही. सात की साठ? काच की काठ? इतिहासात 'ध' चा 'मा' एकदा झाला म्हणतात. आमच्या कानात तो दिवसातून पन्नास वेळा होतो.

आणि म्हणूनच ओरडून उपयोग नसतो. ओरडलं की स्वर फुगतात, व्यंजनं तिथंच राहतात. शिवाय झिजलेल्या कानाची आणखी एक खोड असते: हळू आवाज ऐकूच येत नाही, आणि जरा वाढला की एकदम टोचतो. घरोघरी म्हातारी माणसं आधी "मोठ्यानं बोल" म्हणतात आणि मग "ओरडतोस कशाला?" म्हणून चिडतात. तो हट्टीपणा नसतो, त्यांच्या कानात ऐकू येणं आणि टोचणं यांच्यातली जागाच अरुंद झालेली असते.

घरात काय काय बदलतं

हे हळूहळू होतं, त्यामुळे ज्याचं होतं त्याला सगळ्यात शेवटी कळतं. आधी टीव्हीचा आवाज वाढतो. मग कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम तुमच्याकडून काढून घेतलं जातं. फोनवर बँकेची बाई बोलली की फोन मुलाकडे जातो. डॉक्टरांनी गोळी "अर्धी" सांगितली की "आधी" सांगितली, याचा घरी येऊन वाद होतो. हा शेवटचा प्रकार गमतीचा नाही. डोस लिहूनच घ्या.

मग येतो तो खरा तोटा. लग्नाच्या हॉलमध्ये आपण कोपऱ्यातली खुर्ची धरतो. सोसायटीच्या मीटिंगला जाणं बंद होतं. विनोदावर सगळे हसले की आपणही अर्धा सेकंद उशिरा हसतो. लोक आधी शिष्ट म्हणतात, मग विसरभोळा म्हणतात. माझ्या धाकट्या भावानं तर बायकोला बाजूला घेऊन विचारलं होतं, "दादाचं डोकं ठीक आहे ना?" डोकं ठीक होतं. प्रश्न पोचत नव्हता, तर उत्तर कुठून येणार?

आणि थकवा. निम्मी अक्षरं कानानं घ्यायची, उरलेली तोंड बघून आणि अंदाजानं भरायची, हे दिवसभर शब्दकोडं सोडवण्यासारखं आहे. संध्याकाळी सातनंतर माझ्याकडून संभाषणाची अपेक्षा ठेवू नका, असं मी घरी स्पष्ट सांगून टाकलंय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना उपचार किंवा यंत्राची गरज पडावी इतकं कमी ऐकू येतं. 'लॅन्सेट'च्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे १४ धोके कमी करता येण्यासारखे म्हणून मांडले, त्यांत ऐकू कमी येणं आहे. याचा अर्थ कान गेला की स्मृती जातेच असा नाही, आणि मशीन लावलं की वाचतेच असाही नाही. पण 'वय झालं, चालायचंच' म्हणून दहा वर्षं काढायला हे कारण पुरेसं नाही.

पहिली पायरी: थांबायचं नाही अशी लक्षणं ओळखा

एका कानाचं ऐकणं अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत गेलं, तर ती तातडीची गोष्ट समजा. पुष्कळ जण "कानाला दडा बसलाय, जाईल" म्हणून आठवडा घालवतात. कधीकधी तो खरंच मळ असतो, पण कधी आतल्या नसेचा बिघाड असतो, आणि त्यावर स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच फायद्याची आशा जास्त. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

कानातून पाणी किंवा पू येणं, दुखणं, गरगरणं, एकाच कानात सतत घुंई घुंई होणं, डोक्याला मार लागल्यावर ऐकू न येणं, यांतही आधी डॉक्टर, मशीनचं दुकान नंतर.

लहान मुलांचं वेगळं. बाळाची ऐकण्याची तपासणी महिन्याच्या आत, बिघाडाचं निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपाय सहा महिन्यांच्या आत सुरू, असा जगभर मानला जाणारा दंडक आहे. बाळंतपण झालेल्या रुग्णालयातच 'ओएई' ही चाचणी होते का ते विचारा. ती बाळ झोपलेलं असताना दोन-चार मिनिटांत होते, टोचाटोची नाही. "आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात" हे आजीचं वाक्य प्रेमाचं असलं तरी त्यावर थांबू नका. भाषा शिकायची पहिली वर्षं परत येत नाहीत.

दुसरी पायरी: डॉक्टर, मळ आणि ती काचेची खोली

सुरुवात कान-नाक-घसा तज्ज्ञांपासूनच करा. निम्मी भीती कधीकधी मळ निघाल्यावरच जाते. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्या. काडी, पिन, किल्ली, बड्स काहीही आत घालू नका. बड्सनं मळ निघत नाही, आत ठासला जातो. गरम तेलही नको. ठाण्याच्या पावसाळ्यात कानात बुरशी होण्याचं प्रमाण मुळात बरंच, आणि तेल ओलं ठेवून तिला मदतच करतं.

खासगी दवाखाने गल्लोगल्ली आहेत. खर्चाचा प्रश्न असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय किंवा नेरूळचं डी. वाय. पाटील रुग्णालय इथं कान-नाक-घसा विभाग आहे. सकाळी लवकर जा आणि सोबत कुणीतरी न्या. नाव पुकारतात ते आपल्याला ऐकू येणार नाही, हा या दुखण्यातला विनोदच आहे. मी केसपेपर देतानाच खिडकीवर सांगतो: "ऐकू कमी येतं, नंबर आला की हात करा."

डॉक्टर ऑडिओमेट्री लिहून देतात. आवाज बंद केलेली छोटी काचेची खोली, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. बारीक 'टूं' वाजलं की दाबायचं. मला पहिल्यांदा वाटलं ही परीक्षा आहे, आणि मी ऐकू न येताही अंदाजानं दाबत सुटलो. आतली मुलगी हुशार होती. दार उघडून म्हणाली, "काका, पास-नापास नाहीये इथे." तर तुम्ही दाबताना प्रामाणिक राहा. आदल्या दिवशी ढोलताशा, फटाके, कारखान्यातली पाळी असं काही नको. गोंगाटानं थकलेला कान काही तास खोटा निकाल देतो.

हेडफोननंतर कानामागच्या हाडावरही एक पट्टा लावून आवाज देतात. हवेतून कमी आणि हाडातून चांगलं ऐकू आलं, तर बिघाड बाहेरच्या किंवा मधल्या कानात असू शकतो: मळ, पडद्याला भोक, मागं साठलेलं पाणी, हाडांची साखळी. यातलं पुष्कळसं औषधानं किंवा ऑपरेशननं सुधारतं. हवेतून आणि हाडातून सारखंच कमी असेल तर ती आतली झीज, तिथं मशीन.

तिसरी पायरी: तो आलेख वाचायला शिका

ऑडिओग्राम म्हणजे त्या तपासणीचा आलेख. हा कागद जपून ठेवा. आडव्या ओळीत डावीकडून उजवीकडे पट्टी चढत जाते, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत. वरून खाली आवाजाचा जोर डेसिबलमध्ये. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. रेघ जितकी खाली, तितकं कमी ऐकू येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आताच्या मोजणीत २० डेसिबलच्या आत असेल तर कान चांगला. २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ त्याहून जास्त, ६५ ते ८० तीव्र आणि ८० च्या पुढे अतितीव्र. हे टक्के नव्हेत. "चाळीस आलेत, म्हणजे साठ टक्के शिल्लक" असा हिशोब सोसायटीच्या कट्ट्यावर ऐकाल. तो चुकीचा आहे.

माझी रेघ १००० पर्यंत जवळजवळ सपाट जाते आणि ४००० ला खड्ड्यात पडते. डॉक्टरांनी कागद बघूनच विचारलं, "कुठल्या कारखान्यात होता?" गोंगाटानं गेलेल्या कानाची ही खूणच आहे. अजून नोकरीत असाल आणि ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल तर एक लक्षात ठेवा: गोंगाटामुळे कमी झालेलं ऐकणं कायद्याच्या यादीत व्यवसायामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेलं आहे. तपासणीचे जुने कागद तिथं कामाला येतात. मी माझे टाकून दिले होते.

चौथी पायरी: मशीन घेताना फसू नका

माझा पहिला अनुभव असा. एका दुकानानं 'मोफत तपासणी' म्हणून बोलावलं. वीस मिनिटांत कागद हातात आणि १,८०,००० रुपयांची जोडी टेबलावर. "आजच घेतलीत तर सूट." मी पेन काढलं होतं, बायकोनं ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. तीन आठवड्यांनी दुसरीकडे, माझ्या आलेखाला पुरेल असं मशीन याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळालं.

तपासणी करणारी व्यक्ती ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून मशीन जुळवून देणारा तज्ज्ञ, आहे का ते बघा. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, खऱ्या माणसाला राग येत नाही. मशीन तुमच्या आलेखाप्रमाणे प्रोग्राम करून देतात का, पुढच्या वर्षभरात किती वेळा जुळवून देणार, दुरुस्तीला गेलं तर बदली मशीन मिळेल का, काही दिवस वापरून परत देता येतं का, हे सगळं पैसे देण्याआधी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. मशीनचा सिरीयल नंबर पावतीवर हवाच. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, हेही माहीत असू द्या.

दोन-तीन हजारांत ऑनलाइन मिळणारं 'ऐकण्याचं यंत्र' बहुधा सगळेच आवाज सारखे वाढवतं. ज्याला वरची पट्टी हवी आहे त्याच्या कानात ते रिक्षाचा फटफटाट ओततं.

आकारावरून भांडणं होतात. कानात दडणारं छोटं सगळ्यांना हवं असतं. पण त्याची बॅटरीही छोटी, मळानं ते लवकर बंद पडतं, आणि बोटं थरथरत असतील तर रोज सकाळी छळ. कानामागे बसणारं दिसतं, पण टिकतं आणि जास्त तीव्र बिघाडालाही पुरतं. मी कानामागचं घेतलं. दिसलं की लोक आपोआप समोर येऊन बोलतात, हा मला न सांगितलेला फायदा.

दोन्ही कान कमी असतील तर शक्यतो दोन मशीन. आवाज कुठून आला हे ओळखायला दोन कान लागतात, आणि घोडबंदर रोड ओलांडताना ते ओळखणं बरं. अतितीव्र बिघाडात मशीनही पुरत नाही; तिथं कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायच्या यंत्राचा, विचार होतो, तो मोठ्या रुग्णालयातला वेगळा प्रवास आहे.

पाचवी पायरी: पहिले सहा आठवडे

सगळ्यात जास्त मशीन्स इथेच कपाटात जातात, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

पहिल्या सकाळी मी मशीन लावलं आणि स्वयंपाकघरात गेलो. बायको कोथिंबीर निवडत होती. प्लास्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज असा आला की मी मागं सरकलो. फ्रिज गुणगुणत होता. तो गुणगुणतो हे मी विसरलोच होतो. स्वतःच्या चपलांचा आवाज, पेपरचं पान उलटतानाचा आवाज, स्वतःचं चावणं. माझाच आवाज मला बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटला. दुपारी दोनला मशीन डबीत ठेवलं आणि ठरवलं, हे आपल्याच्यानं होणार नाही.

होतं. मेंदू बरीच वर्षं या आवाजांशिवाय राहिलेला असतो. कुठले टाकायचे आणि कुठले ठेवायचे हे तो पुन्हा शिकतो. त्याला काही आठवडे द्या. पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीन तास, घरातच, एकाच माणसाशी बोलताना. दुसऱ्या आठवड्यात टीव्हीवरच्या बातम्या, आवाज घरच्यांना सोसेल एवढाच. बातम्या देणाऱ्याचं तोंड समोर असतं आणि खाली पट्टी असते. सरावाला याहून स्वस्त मास्तर नाही. मग गॅलरी, मग खालचा वाणी, मग तलावपाळीवरची संध्याकाळची फेरी. जांभळी नाक्याची गर्दी आणि स्टेशन शेवटी. पहिल्याच दिवशी मशीन लावून ठाणे स्टेशनच्या पुलावर गेलेला माझा एक मित्र परत आला तो मशीन खिशात घालूनच.

एक वही ठेवा. "नातीचा आवाज टोचतो", "भांडी असह्य", "फोनवर शिटी वाजते" असं लिहा आणि ती घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे जा. "बरोबर वाटत नाही" एवढ्यावर तो काही करू शकत नाही; "भांडी असह्य" म्हटलं की कुठला स्क्रू पिळायचा ते त्याला कळतं. पहिल्या महिन्यात मी तीनदा गेलो.

शिटी वाजत असेल तर मशीन नीट बसलेलं नाही, कानात बसणारा साचा सैल आहे किंवा कानात मळ आहे. नातीनं गळ्यात हात टाकला की माझं अजूनही कुंई करतं. ती म्हणते, "आबा, तुमचा कान हसला."

बॅटरी झिंक-एअरची असेल तर स्टिकर काढल्यावर मिनिटभर उघडी ठेवा आणि मग घाला, तिला हवा लागते. वापरायची नसेल तेव्हा स्टिकर काढू नका. या गोळ्यांसारख्या बॅटऱ्या नातवंडांच्या हाताला लागू देऊ नका. गिळली तर अन्ननलिका भाजते, तेव्हा वाट न बघता रुग्णालय गाठा.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पापडही सादळतात, तिथं मशीनची काय कथा. रात्री बॅटरीचं दार उघडून, सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. भिजलं तर कोरड्या कापडानं पुसून डबीतच. हेअर ड्रायर नको, तव्याजवळ तर नकोच. मास्क काढताना दोरीत अडकून कानामागचं मशीन उडतं. माझं एकदा ऐरोलीला लोकलच्या दारातच उडालं, नशिबानं आत पडलं.

सहावी पायरी: हे पान घरच्यांना वाचायला द्या

मशीन हा अर्धा उपाय. उरलेला अर्धा घरात फुकट मिळतो, पण मागावा लागतो.

स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत ओरडून बोलू नका. दोन पावलं चालून या. मोकळ्यावर अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो. आधी नाव घ्या किंवा खांद्याला हात लावा, तोंड वळलं की मग बोला. उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर हवा. खिडकीला पाठ करून उभं राहिलात तर आम्हाला फक्त सावली दिसते. टीव्ही, मिक्सर, नळ बंद करून बोला. सावकाश, पण शब्द तोडून नाही. तोंडात घास, समोर मोबाइल, हनुवटीवर हात असं नको.

एखादं वाक्य दोनदा सांगून कळलं नाही, तर तेच तिसऱ्यांदा ओरडू नका, शब्द बदला. "चहा टाकू?" कळलं नाही तर "आलं घालून चहा करतेय, घेणार का?" लांब वाक्य सोपं जातं, कारण अंदाजाला धरायला काहीतरी मिळतं. आकडे आणि वेळा लिहून दाखवा.

एक वाक्य मात्र घरातून हद्दपार करा: "जाऊ दे, काही नाही." याच्याइतकं काही लागत नाही. गोष्ट फालतू असेलही, पण ती फालतू होती हे ठरवायचा हक्क आम्हालाही हवा.

आणि ज्याला ऐकू येत नाही त्यानं आपल्या बाजूनं करायचं ते असं: न कळता "हो" म्हणायचं नाही. आमच्या भिंतीची शपथ. "काय?" म्हणण्याऐवजी जेवढं कळलं तेवढं परत म्हणा: "शनिवारी जायचंय, ते कळलं. कुठे?" समोरच्याला फक्त एकच शब्द पुन्हा सांगावा लागतो, आणि तो वैतागत नाही.

सातवी पायरी: घराबाहेर

स्टेशनवरच्या घोषणांवर विसंबू नका. चांगल्या कानांनाही त्या कळत नाहीत. इंडिकेटर बघा, आणि इंडिकेटर आणि गर्दी यांचं जमत नसेल तर गर्दीवर विश्वास ठेवा. ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या गाड्या ९ आणि १० नंबर प्लॅटफॉर्मवरून सुटतात. वाशी, पनवेल की नेरूळ हे डब्याच्या तोंडावर वाचूनच चढा.

हॉटेलात भिंतीकडे पाठ करून, स्पीकर आणि स्वयंपाकघरापासून लांब बसा, म्हणजे गोंगाट फक्त समोरून येतो. गडकरी रंगायतनला तिकीट काढताना पैसे वाचवू नका, पुढच्या रांगांमधलं मधलं घ्या. मीटिंगला वक्त्याच्या जवळ, चांगला कान त्याच्याकडे. फोन अवघड जात असेल तर व्हिडिओ कॉल करा, ओठ दिसतात. बोललेलं लगेच अक्षरांत दाखवणारी 'लाइव्ह ट्रान्सक्राइब'सारखी ॲप मराठीतही चालतात. डॉक्टरांच्या टेबलावर मी फोन सरळ समोर ठेवतो. कधी कधी भलतंच लिहितं, पण गोळीचा डोस अंदाजानं घेण्यापेक्षा बरं.

बँकेचा ओटीपी फोनवर कुणी मागितला तर द्यायचा नाही हे सगळ्यांनाच लागू आहे. आपल्याला जरा जास्तच, कारण नीट न कळता "हो" म्हणणारा माणूस भामट्यांना आवडतो.

आठवी पायरी: सरकारी मदत

अपेक्षा आधी बेताच्या ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांना बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबल तोटा असेल तर 'ऐकू कमी येणारा' आणि ७० असेल तर 'कर्णबधिर' अशी व्याख्या आहे. माझ्यासारखे मधल्या पायरीवरचे लोक त्यात बसत नाहीत. तुम्ही बसत असाल तर 'स्वावलंबन' पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. तपासणी ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात आणि त्यात श्रवणयंत्र येतं. चांगलं मशीन यात होत नाही, हे उघड आहे, पण बॅटऱ्या आणि साचा निघतो. केंद्राच्या 'एडिप' योजनेतून उत्पन्न बघून यंत्र मोफत किंवा निम्म्या किमतीत मिळतं. त्यासाठी आणि एकूणच भरवशाच्या तपासणीसाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची. ठाण्याहून दादरला गाडी बदलून जा, आणि पूर्ण दिवस हाताशी ठेवा. नवी मुंबईकरांच्या दिव्यांग मुलांसाठी वाशीला महापालिकेचं ईटीसी हे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे.

शिल्लक आहे ते जपा

८५ डेसिबलला आठ तास ही साधारण मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. दहीहंडीच्या स्पीकरसमोर हा हिशोब मिनिटांवर येतो. नियमाप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. टेंभी नाक्याच्या हंडीला ती कुणी सांगायची हा प्रश्न निराळा. मी फोमचे इअरप्लग खिशात ठेवतो आणि नातीलाही लावतो. कारखान्यात असाल तर मफ कानावर हवेत, गळ्यात नव्हे. आमच्या शॉपमध्ये ते गळ्यातच असायचे. फोरमन आला की वर जायचे.

क्षयासाठी किंवा गंभीर संसर्गासाठी दिली जाणारी काही इंजेक्शनं आणि कॅन्सरची काही औषधं कानाला बाधू शकतात. अशी औषधं चालू असताना कानात घुंई झाली तर लगेच डॉक्टरांना सांगा. मनानं बंद करू नका. मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात ठेवा, कानाच्या आतल्या रक्तवाहिन्या फार बारीक असतात.

आणि वर्षातून एकदा त्या काचेच्या खोलीत पुन्हा जा. जुना ऑडिओग्राम सोबत न्या, नवा त्याच्या शेजारी धरा. माझ्या प्लास्टिकच्या फाइलीत आता चार कागद आहेत. पहिल्यामागे, बायकोच्या अक्षरात, प्लंबरचं बिलही लावलेलं आहे: टाइल्स, सिमेंट, मजुरी.